सहावी नस की सातवी?

"तुमचा हात ठणठणीत आहे. बिघडलीय ती मान," डॉक्टर म्हणाले. दुखरा उजवा हात मी डाव्या हाताने उचलून धरला होता. तो तसाच धरून मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

कोल्हापूरच्या हॉस्पिटलातली मणक्यांच्या डॉक्टरांची खोली. भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीवर माझ्या मानेचा एमआरआय लावलेला. डॉक्टर पेनच्या टोकाने काय काय दाखवत होते. मला एवढंच दिसलं की मणके एकावर एक रचलेत आणि रचणाऱ्याची रेघ मध्येच जराशी चुकलीय. मी बोर्ड रंगवणारा पेंटर. चुकलेली रेघ मला आधी दिसते. पण कळ हातात आणि दोष मानेत, हे मात्र काही केल्या दिसेना.

"सर्व्हायकल रॅडिक्युलोपथी," डॉक्टर म्हणाले, आणि माझा चेहरा बघून त्यांनी ते मराठीत सांगितलं. मानेच्या मणक्यांमधून दोन्ही बाजूंना नसा बाहेर पडतात आणि खांद्यावरून बोटांपर्यंत जातात. नस जिथून निघते त्याला नर्व्ह रूट म्हणायचं, म्हणजे नसेचं मूळ. दोन मणक्यांमधली गादी सरकली की ती या मुळाला चेपते. चेपतं मानेत आणि दुखतं हातात.

समजल्यासारखी मी मान हलवली. हलवल्याबरोबर कळ आली. तेवढ्यापुरतं डॉक्टरांचं म्हणणं मला पटलं.

हे सगळं लिहायचं कारण असं की तेव्हा असं काही वाचायला मिळालं असतं तर मी इतका गोंधळलो नसतो. हात दुखतो आणि इंजेक्शन मानेत देतात, इंजेक्शन देतात आणि वर सांगतात की हे औषध नाही, दुखलं की डॉक्टर खूश होतात. यातलं काय काय तुमच्या वाट्याला येईल ते सांगता येत नाही. आलंच तर निदान घाबरू नका.

रत्नागिरीत मी आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. मग फ्लेक्स आले आणि दुकानदार माझ्यासमोरच "आता कॉम्प्युटरवर होतं" म्हणायला लागले. ती फताडी अक्षरं बघून मी अजून दातओठ खातो, पण ते असो. बोटींनी मला सोडलं नाही. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, बोटी काठावर ओढलेल्या असतात, तेव्हा त्यांची नावं नव्याने लिहून द्यायचं काम माझ्याकडे राहिलं. बोटीचं नाव तिच्या पुढच्या उंच टोकावर, नाळेवर लिहितात. खाली उभं राहायचं, मान मागे टाकायची, हात डोक्याच्या वर धरायचा आणि श्वास रोखून रेघ ओढायची. असं मी उभं आयुष्य केलं आणि मानेला कधी विचारलं नाही.

इक्बालभाईंची 'रहमत' लिहीत होतो. इक्बालभाई मिरकरवाडा बंदरातले जुने बोटमालक, माझे जुने गिऱ्हाईक आणि त्याहून जुने दोस्त. 'र' झाला होता आणि 'ह' चं पोट वळवत होतो. खांद्यातून बोटांपर्यंत विजेचा झटका बसावा तशी कळ गेली आणि ब्रश हातातून सुटला. निळ्या रंगाचा ओघळ पार खालच्या फळीपर्यंत आला.

"काय जाला, पेंटर?" इक्बालभाई धावत आले.

"काही नाही, हात भरून आला," मी म्हणालो.

त्या वर्षी 'रहमत' कशीबशी पूर्ण केली, डाव्या हाताने उजव्या मनगटाला आधार देऊन. 'त' ची काठी वाकडी झाली. इक्बालभाई काही बोलले नाहीत, पण बोट पाण्यात उतरल्यावर मी बंदरावर जायचं टाळू लागलो. ती काठी मला लांबूनही दिसायची.

घरी बायकोने, सुनंदाने, तेलात लसूण-ओवा कढवून मालिश सुरू केलं. शेजारपाजारच्यांनी वात ठरवला. वात म्हटल्यावर बांगडा बंद, वांगं बंद, आणि हात होता तसाच. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी फ्रोझन शोल्डर सांगितलं, म्हणजे आखडलेला खांदा. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दिला. बोटं चढवताना मान वर जायची आणि मी भिंतीपाशीच बसकण मारायचो. शेवटी त्यांनीच सरळ सांगितलं, "हे माझ्या हातचं नाही. कोल्हापूर गाठा." मला ते डॉक्टर त्या दिवशी सर्वांत जास्त आवडले.

एसटीने आंबा घाट चढताना प्रत्येक वळणावर मी एक शिवी गिळली. कोल्हापुरात सुनंदाची थोरली बहीण राहते. तिला आम्ही अक्का म्हणतो. तिचे यजमान, म्हणजे माझे साडू आनंदराव, टेंपोने गावोगावचं दूध आणतात. उतरायची सोय तिथेच झाली, आणि पुढचा सगळा गोंधळही तिथेच झाला.

तर मणक्यांच्या डॉक्टरांनी एमआरआय दाखवून सांगितलं की गादी दोन जागी सरकली आहे. वरच्या जागी सहाव्या नसेचं मूळ चेपतंय, खालच्या जागी सातवीचं. वरची गादी जास्त सरकलेली दिसते. पण जी जास्त सरकलेली दिसते तीच दुखवते असं नसतं.

"कळ कुठल्या बोटात जाते? अंगठ्यात की मधल्या बोटात?"

अंगठा म्हणजे सहावी नस, मधलं बोट म्हणजे सातवी, म्हणून हा प्रश्न साधा वाटतो. ब्रश मी अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशा तीन बोटांत धरतो. कळ आली की तिन्ही बोटं आधी ब्रश वाचवतात, कळ कुठे गेली ते नंतर बघतात. मी एकदा अंगठा म्हणालो, एकदा मधलं बोट म्हणालो. डॉक्टरांनी दोन्ही ऐकून घेतलं.

"ऑपरेशन करावं लागेल असं दिसतंय," ते म्हणाले. "मानेच्या पुढून, गळ्याकडून. पण दोनपैकी कुठल्या जागी, हे आधी ठरायला हवं."

गळ्याकडून म्हटल्यावर सुनंदाने पदर तोंडाला लावला. मी विचारलं, "हात राहील ना?" डॉक्टर म्हणाले, "हात वाचावा म्हणूनच करायचं." त्या उत्तराने मला धीर यायला हवा होता. पण हात जाऊही शकतो, हे मला तेव्हाच कळलं. माझ्याकडे दुसरी काही विद्या नाही. मला दोन ओळींचं पत्र सुवाच्य लिहिता येत नाही, पण दोन हात उंचीची अक्षरं येतात.

कुठली नस ते ठरवायला त्यांनी आम्हाला वेदनांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या बाई होत्या. ऑपरेशनला भूलही त्याच देत. आम्ही त्यांना मॅडम म्हणू लागलो. त्या म्हणाल्या, "सोनोग्राफीखाली मानेत इंजेक्शन देऊ."

सोनोग्राफी म्हणजे आमच्या डोक्यात एकच गोष्ट. रांगेत बसलो तर शेजारी सगळ्या पोटुशा बायका, आणि समोर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' अशी पाटी. त्या पाटीत 'लिंग' चा अनुस्वार गळला होता. तो बघत मी वेळ काढला. एका आजीबाईंनी मला विचारलं, "सून हाय व्हय आत?" मी म्हणालो, "नाही, मीच आहे." आजीबाई सरकून बसल्या.

आत मॅडमनी समजावून सांगितलं. बहुतेक ठिकाणी असलं इंजेक्शन एक्स-रेखाली देतात, सोनोग्राफीखाली द्यायला नुकतीच सुरुवात झालीय. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, पण नस दिसत नाही आणि रक्तवाहिनीही दिसत नाही. मानेत त्या दोन्ही अगदी चिकटून असतात. सोनोग्राफीत सुई पुढे जाताना दिसते, त्यामुळे रक्तवाहिनी टाळता येते.

मग त्यांनी ते वाक्य सांगितलं, ज्याच्यावर आमची सगळी गाडी घसरली. "हे औषध नाही, ही तपासणी आहे. डायग्नोस्टिक ब्लॉक. सहाव्या नसेच्या मुळाशी बधिर करायचं औषध अगदी थोडं सोडायचं. काही तास ती नस गप्प बसेल. त्या वेळात ज्या कामाने हात दुखतो, तेच काम करून बघायचं. दुखलं नाही तर तीच नस गुन्हेगार. आज आराम करू नका. हात जरा जड वाटेल, शिडीवर चढू नका, पण काम करा."

मला कुशीवर झोपवलं. मानेवर गार जेली आली आणि त्यावर सोनोग्राफीचा दांडा फिरू लागला. पडदा माझ्याकडे वळवलेला होता. जुन्या टीव्हीला मुंग्या येतात तशा मुंग्या दिसत होत्या. मॅडम म्हणाल्या, "हे दोन उंचवटे दिसले? हे मणक्याचं हाड. त्यांच्या मधोमध काळा गोल आहे, ती सहावी नस." मला उंचवटे दिसले. गोल दिसला असं मी म्हणालो. मग एका बाजूने बारीक पांढरी रेघ आत येऊ लागली. ती सुई. इतकी सरळ रेघ मी पूर्वी कधी बघितली नव्हती. टोचल्याचं दुखणं मी त्या रेघेपायी जवळजवळ विसरलो.

जिन्यावरच सुनंदाने विषय काढला. "असा कसा सांगतील डॉक्टर? इंजेक्शन दिल्यावर कोन काम करता काय?"

मी म्हणालो, "अगं, मी ऐकलंय ना, काम करा म्हणाल्या."

"धीर द्यायला म्हनाल्या असतील. मानंत सुई घातल्येय, मानंत!"

तिचं म्हणणं मला पटलं. मीही कोकणातलाच माणूस. आमच्याकडे साधी लस टोचली तरी त्या हाताने कोणी तांब्या उचलत नाही. इंजेक्शन म्हणजे आडवं पडायचं, मऊ पेज खायची आणि समाचाराला येणाऱ्यांना मान किंचित हलवून दाखवायची. डॉक्टरने सांगितलं नाही तरी हे करायचं असतं, ही रीतच आहे. डॉक्टरने उलटं सांगितलं तर काय करायचं, हे आम्हाला कोणीच शिकवलेलं नव्हतं.

घरी गेल्यावर अक्काने तर कळसच केला. "गप पडा बघू. हातबीत काय हलवू नका." पाहुणा, त्यातून बहिणीचा नवरा, त्यातून मानेत इंजेक्शन. तिने हाताखाली उशी दिली, अंगावर शाल घातली, पाण्याचा पेला ओठांना लावला. शेजारच्या बायका येऊन बघून गेल्या. हात दुखत नव्हता आणि मला इतकं छान वाटलं की मी झोपून गेलो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, "कसं वाटलं?"

"एकदम छान. दुखलंच नाही," मी म्हणालो. ते शंभर टक्के खरं होतं.

मॅडम खूश झाल्या. त्यांना खूश बघून आम्हीही खूश. सहावी नस गुन्हेगार ठरली. काही दिवसांनी त्याच जागी दुसरं इंजेक्शन झालं. या वेळी त्यात स्टिरॉइड होतं, म्हणजे सूज उतरवणारं औषध. याने महिनोन्‌महिने आराम पडू शकतो, पडला तर ऑपरेशन टळतं, असं मॅडमनी सांगितलं. आम्ही रत्नागिरीला परतलो. पंधरवडा मी शहाण्यासारखा पडून राहिलो. मग उठलो आणि अंगणातल्या भिंतीवर सुतळीला खडू लावून रेघ मारायला मान वर केली. तीच कळ आली.

पुन्हा कोल्हापूर. मॅडमनी विचारलं, "थोडा तरी फरक?" समोरच्या माणसाने एवढे कष्ट घेतल्यावर नाही कसं म्हणायचं? "थोडं बरं वाटतंय," मी म्हणालो. थोडं बरं म्हणजे पुरतं बरं नाही. मणक्यांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवलं, वरच्या जागी, सहाव्या नसेवर.

मला तेव्हा काय वाटत होतं ते नीट सांगता येत नाही. भीती होतीच. पण भीतीपेक्षा गोंधळ मोठा होता. सहावी नस गप्प केली तेव्हा दुखलं नाही, मग तिलाच औषध दिलं तर बरं का वाटत नाही? हे विचारायचं माझ्या मनात बरेचदा आलं. पण एवढे शिकलेले दोन डॉक्टर ज्यावर ठाम आहेत, त्यावर पाट्या रंगवणाऱ्याने काय बोलायचं? सुनंदाही तिच्या मनातलं बोलली नाही. आम्ही दोघं एकमेकांना धीर देत होतो आणि दोघांकडेही तो नव्हता.

ऑपरेशनसाठी भरती झालो. आदल्या दुपारी मॅडम भूल देण्याआधीची तपासणी करायला खाटेशी आल्या. रक्तदाब बघितला, तोंड उघडायला लावलं, दात कुठला हलतो का ते विचारलं. जाता जाता सहज म्हणाल्या, "पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी काय लिहिलंत हो तुम्ही? मी घरी सांगितलं, माझ्याकडे बोटींची नावं लिहिणारे पेशंट आहेत म्हणून."

मला हसू आलं. "लिहितो कसला, मॅडम! अक्कानं पाण्याचा पेलासुद्धा हातात धरू दिला नाही. झोपलो होतो मस्त."

मॅडम दारातून परत आल्या आणि खाटेच्या कडेला बसल्या.

"म्हणजे हात हललाच नाही?"

"नाही."

"मान वर केली?"

"उशीवर होती."

"आणि एरवी, इंजेक्शन न घेता, असे उशीवर पडलात तर हात दुखतो?"

मी विचार केला. मला कोणी हे विचारलंच नव्हतं. "नाही," मी म्हणालो. "पडून असलो की फारसा नाही दुखत."

मग मॅडम म्हणाल्या, "चूक माझीही आहे. 'कसं वाटलं' एवढंच विचारलं, 'काय केलंत' ते विचारायला हवं होतं." मग त्या उठून मणक्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या आणि दुसऱ्या दिवशीचं ऑपरेशन थांबलं.

सुनंदाला कळेना की रडायचं की हसायचं. देवाला हात जोडावेत तर कशासाठी, ऑपरेशन टळलं म्हणून की लांबलं म्हणून? अक्काला मात्र राग आला. "आमी एवढं केलं ते चुकलं म्हणायचं?" ती डोळे पुसत म्हणाली. तिला मी काय सांगणार? तिची माया खरी होती, तिने दिलेली उशी खरी होती, मी दिलेलं उत्तरही खरं होतं. एवढ्या खऱ्या गोष्टींनी मिळून चुकीच्या जागी माझा गळा उघडला असता. मला अजून त्याचा मेळ लागत नाही.

मॅडमनी ठरवलं की पुन्हा पहिल्यापासून. आधी परत सहावी, निव्वळ बधिर करून, आणि या वेळी काम करायचं. आनंदरावांना मी विचारलं की तुमच्याकडे उंचावर लिहिण्यासारखं काय आहे? ते म्हणाले, "लिवा की आमच्या टेंपोवर. वर, कपाळाला. जोतिबा प्रसन्न."

इंजेक्शन घेऊन आलो. टेंपो दारात लावला. रंग, टर्पेंटाइन, ब्रश सुनंदाने आधीच मांडून ठेवलं होतं. अक्का ओट्यावर तोंड फिरवून बसली होती, तरी तिचं सगळं लक्ष माझ्याकडे होतं. मान मागे टाकली, हात वर नेला. पहिलं अक्षर होतं न होतं तोच कळ सुरू झाली. दात दाबून 'जोति' पर्यंत गेलो आणि पुढे हात खाली आला. मी टेंपोला टेकून लहान मुलासारखा रडलो. सुनंदाने माझ्या हातातून ब्रश काढून घेतला.

मोबाइलवर मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या, "छान!"

मला त्या क्षणी त्यांचा अतोनात राग आला. मी कळवळतोय आणि ही बाई छान म्हणते? मग त्यांनी सांगितलं. सहावी नस गप्प असताना दुखलं, म्हणजे सहावी निर्दोष. तिच्यावर ऑपरेशन केलं असतं तर हात होता तसाच राहिला असता. हे मी सुनंदाला सांगितलं, तिने अक्काला, अक्काने आनंदरावांना. चौघांनाही ते एकेकदा समजलं आणि लगेच निसटलं.

आठवडाभर टेंपो कपाळावर 'जोति' घेऊन दूध आणत फिरला. वाटेतल्या लोकांनी आनंदरावांना विचारून हैराण केलं की ही जोती कोण. अक्काचं नाव हौसाबाई. ती पहिल्यांदा हसली ती यावरून.

मग सातवी नस. पुन्हा कुशीवर, पुन्हा जेली, पुन्हा मुंग्या. आता मला थोडं बघता येत होतं. मी म्हणालो, "मॅडम, इथे एकच उंचवटा दिसतो."

"बरोबर. सातव्या मणक्याला तो एकच असतो. त्याच्यावरूनच ही सातवी म्हणून ओळखायची." मग पडद्यावर लाल-निळं काहीतरी लुकलुकलं. "ही रक्तवाहिनी. हिच्यासाठीच एवढी काळजी." पांढरी रेघ त्या लुकलुकणाऱ्यापासून अंतर राखून आत आली. मी श्वास रोखला, नाव लिहिताना रोखतो तसा.

दारात टेंपो उभा होता. हात जड होता, मधलं बोट परक्यासारखं वाटत होतं. मान मागे टाकली. 'बा' लिहिलं. थांबलो. काही झालं नाही. अक्का ओट्यावरून उठून जवळ आली. 'प्र' लिहिला. ब्रश थरथरत होता, पण तो जडपणाने, कळेने नव्हे. हा फरक मला आतून स्पष्ट कळत होता. 'सन्न' पूर्ण केलं आणि वरून एका दमात शिरोरेषा ओढली. ती वाकडी आली. इतकी वाकडी शिरोरेषा मी शिकाऊ असतानाही ओढली नसेन, आणि मला ती इतकी आवडली की मी बराच वेळ मान वर करून बघत राहिलो. मान वर करून! सुनंदा म्हणाली, "आता फुरे, खाली बगा," आणि स्वतःच रडायला लागली.

मधल्या बोटाने निकाल लावला. कमी सरकलेली दिसणारी खालची गादीच दुखवत होती. सातव्या नसेच्या मुळाशी स्टिरॉइड दिलं. या वेळी जादूबिदू झाली नाही. कळ आधी कोपरापर्यंत मागे हटली, मग खांद्यापर्यंत, मग कधीतरी येऊन जाऊ लागली. मानेचे व्यायाम शिकवले, ते मी कुरकुरत केले. ऑपरेशन पुढे ढकललं आणि अजून तरी करावं लागलेलं नाही.

शेवटच्या भेटीत मी मॅडमना विचारलं, "म्हणजे इंजेक्शनानेच बरं झालो ना?"

त्या हसल्या. "बहुतेक. पण हे दुखणं काही लोकांचं वेळ गेला की आपोआपही बरं होतं. तुमचं नक्की कशाने झालं, ते मला छातीठोक सांगता येणार नाही." एवढं सगळं करून हे उत्तर! पूर्वी मी चिडलो असतो. पण ज्या बाईने आपली चूक पेशंटच्या खाटेवर बसून सांगितली, तिचं 'माहीत नाही' हेही मला भरवशाचं वाटलं. तिचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्यावर अशी पाळी आली तर माझं एवढंच सांगणं आहे. डॉक्टरांनी उलटंसुलटं काही सांगितलं, तर जिन्यावर आपापसात त्याचा अर्थ लावू नका. वर परत जा आणि विचारा. आणि त्यांनी 'कसं वाटतंय' विचारलं की बरं आहे म्हणायची घाई करू नका. बरं आहे हे आपण डॉक्टरांना, पाहुण्यांना, बायकोला सवयीने म्हणतो. ते कुठल्या स्थितीत बरं आहे, पडून की उभं राहून, तेही सांगा.

श्रावणात बंदरावर गेलो. 'रहमत' काठावर ओढलेली होती. जुनं नाव खरवडून टाकलेलं, माझ्या वाकड्या 'त' सकट. इक्बालभाईंनी दुसऱ्या कोणालाही ते काम दिलं नव्हतं. "पेंटरनं लिवल्याबिगर माझी बोट पाण्यात जायची नाय," असं ते पोरांना सांगत फिरले होते म्हणे. मला तोंडावर कधी म्हणाले नाहीत.

सुतळीने रेघ मारली. मान मागे टाकली. 'र' झाला. 'ह' चं पोट वळवताना आपसूक थांबलो, कळ येते का बघितलं, आणि पुढे गेलो. 'म' झाला.

खालून इक्बालभाईंनी विचारलं, "हात कसा हाय, पेंटर?"

तोंडापर्यंत आलं होतं, बरा आहे म्हणून.

"थांबा," मी म्हणालो, "'त' होऊ दे, मग सांगतो."